चोवीस गुरू आणि आपलं "आता या वयात काय?"



मागच्या महिन्यात गुरुवारचा सत्संग झाल्यावर चहा घेताना एका ताईंनी विचारलं, "आपल्याला सद्गुरू मिळाले, नाम मिळालं. आता आणखी नवीन काय शिकायचं राहिलं? या वयात नवीन नवीन करत पळायचं म्हणजे समाधान नसल्याचंच लक्षण की हो!" सगळ्यांनी माना डोलावल्या. आम्ही मात्र गप्प बसलो. कारण हेच आम्ही काही वर्षांपूर्वी दुसऱ्या कुणाला तरी ऐकवलं होतं.

आपल्या सत्संगाला एक मावशी यायच्या. सत्तरीच्या होत्या. अक्षरओळख नव्हती. पोथी मात्र लाल फडक्यात बांधून बरोबर आणायच्या, मांडीवर ठेवायच्या, आम्ही वाचू तसं पान उलटायच्या. बऱ्याचदा चुकीचंच पान उलटायच्या. एकदा आम्हाला बाजूला घेऊन म्हणाल्या, "मला एवढी अक्षरं शिकवता का? एक तरी ओवी आपल्या डोळ्यांनी वाचावी वाटते." आम्ही हसून म्हणलं, "मावशी, आता या वयात कशाला तो त्रास? आम्ही वाचतो, तुम्ही ऐका. ऐकण्याचंही पुण्य तेवढंच." मावशी "बरं" म्हणाल्या. परत कधी त्यांनी तो विषय काढला नाही. दोन वर्षांनी त्या गेल्या.

तेव्हा आम्हाला वाटलं, आपण त्यांना आराम दिला. आज वाटतं, आपण त्यांचं दार बंद केलं.

हे कळायला आम्हाला स्वतः फजित व्हावं लागलं. आमचं माहेर लातूर जिल्ह्यातलं, शिक्षण बी.ए. लग्न होऊन मुडबीला आलो त्याला तीस वर्षं झाली. कन्नड बोलणं मोडकंतोडकं जमतं, पण वाचणं? शून्य. घरात मराठी, सत्संगात मराठी, मग अडलंय कुठं? ११ जून २०२३ पासून कर्नाटकात सरकारी गाड्यांतून बायकांना तिकीट माफ झालं. आधी वर्षातून दोनदा बाहेर पडणाऱ्या आम्ही महिन्यातून दोनदा निघायला लागलो. अशीच एकदा कलबुर्गीच्या स्टँडवर पाटी न वाचता, गर्दी बघून एका गाडीत चढलो. गाडी शहराबाहेर पडल्यावर कळलं, ही आळंदला चालली! कंडक्टरनं उतरवून दिलं. रस्त्याच्या कडेला उभं राहून मनात आलं, बी.ए. असून आपण या राज्यात अंगठेबहाद्दरच. मावशींच्या जागी आज आपण उभे आहोत.

मुलानं उपाय सांगितला, "आई, फोनचा कॅमेरा पाटीवर धर, मराठीत दिसेल." खरंच दिसलं! औषधाची चिठ्ठी, लाईटबिल, शेताची पहाणी, सगळ्यावर आम्ही फोन धरायला लागलो. पण एका पाटीवरचं 'होसळ्ळी' हे गावाचं नाव त्यानं सरळ 'नवीन खेडं' करून टाकलं, आणि रेंज गेली की आमची विद्याही गेली! साधन चांगलंच आहे, त्याला नावं ठेवत नाही. पण काठी हातात आली म्हणून पायात बळ येत नाही. काठीच्या आधारानं चालायला लागलो, तरच बळ येतं.

शेवटी शेजारची तिसरीतली मुलगी गुरू केली. रोज संध्याकाळी दिवाबत्तीनंतर अर्धा तास. तिच्यापुढं वही धरताना पहिले चार दिवस घशात आवंढा यायचा. अक्षर चुकलं की ती लाल पेननं गोल करून म्हणायची, "अज्जी, तप्पु!" चुकलं! सत्संगात इतरांना सांगायची सवय लागलेली, इथं पोरगी आपल्याला सांगते. तेव्हा खरं कारण उमगलं. आपण नवीन शिकत नाही ते समाधानी आहोत म्हणून नव्हे. हसं होईल म्हणून. भीतीला आपण समाधानाचं नाव दिलेलं असतं.

शिकायला घेतल्यावर कळलं की अवघड काही नाहीच. अ आ इ ई, क ख ग घ हा क्रम आपलाच. आपल्या अक्षरांवर सरळ रेघ, त्यांच्या डोक्यावर छोटासा वळसा. अक्षरांचे आकार वेगळे, ते तेवढे डोळ्यांना सवयीचे व्हायला लागतात. तीस वर्षं आम्ही ज्याला भिंत समजत होतो, तो नुसता लोटलेला दरवाजा होता.

आता त्या ताईंचा प्रश्न. एक सद्गुरू असताना आणखी गुरू कशाला? याचं उत्तर आपल्या परंपरेनंच देऊन ठेवलंय. भागवताच्या अकराव्या स्कंधात, ज्यावर पैठणच्या नाथांनी एकनाथी भागवत लिहिलं, यदुराजा एका अवधूताला विचारतो, तुम्ही इतके आनंदी कसे? अवधूत आपले चोवीस गुरू सांगतात. पृथ्वी, वारा, पाणी, कबूतर, अजगर, बाण घडवणारा कारागीर, कांडताना हातातल्या बांगड्या उतरवणारी मुलगी. यातल्या एकालाही आपण गुरू आहोत हे माहीत नाही! गुरुपण त्यांच्यात नव्हतं, शिष्यपण अवधूतांत होतं. सद्गुरू आपल्याला जे देतात ते हे शिष्यपण. ते एकदा आलं की मग कुणाकडूनही शिकता येतं, आणि त्यानं सद्गुरूंचं स्थान तसूभर कमी होत नाही.

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे १८८६ मध्ये सरकारी समितीच्या कामासाठी कलकत्त्याला राहिले होते. चाळिशी ओलांडलेला, नावाजलेला विद्वान माणूस. तिथं त्यांनी बंगाली शिकायला घेतलं. न्हावी दाढी करत असताना पुस्तक हातात, आणि अडलेला शब्द त्या न्हाव्यालाच विचारायचा. रमाबाईंना याचं नवल वाटलं, तेव्हा दोघांच्या बोलण्यात दत्तात्रेयांच्या चोवीस गुरूंचीच आठवण निघाली. पुढं रमाबाईही बंगाली शिकल्या. हे त्यांनी स्वतः आपल्या आठवणींत लिहून ठेवलंय.

आणि लांब कशाला? बाराव्या शतकात आपल्याच बसवकल्याणला अनुभव मंटप भरत होता. अल्लमप्रभू अध्यक्षस्थानी, समोर धोब्याचं काम करणारे माचय्या, नावाडी चौडय्या, दोर वळणारे चंदय्या, आणि निर्भयपणे बोलणाऱ्या अक्कमहादेवी. मंडपाचं नावच 'अनुभव'. पुस्तकी पांडित्याच्या बरोबरीनं हातानं केलेल्या कामाचा अनुभव तिथं मांडला जायचा. आमचे सासरेही निजामाच्या काळात उर्दूत शिकले. १९५६ ला आपला भाग म्हैसूर राज्यात गेल्यावर संसार सांभाळत कन्नड अक्षरं शिकले, कारण स्वतःच्या शेताचा कागद स्वतःला वाचता आला पाहिजे. घरात मराठी पोथी. तीन लिप्या एका माणसाच्या हातात! आणि आम्ही एकीवरच अडून बसलो होतो.

पण ताईंच्या बोलण्यात एक खरी गोष्ट आहे, ती टाकून चालणार नाही. नवीन ते सगळं चांगलं, असंही नाही. त्याच चोवीस गुरूंमध्ये पतंग आहे, दिव्याची चमक बघून झेप घेतो आणि जळतो. मासा आहे, जिभेच्या चवीसाठी गळाला लागतो. रात्री अकरापर्यंत रील्सवर बोट सरकवत बसणं हे नवीन शिकणं नव्हे, ते पतंगाचं दिव्याभोवती फिरणं. आपल्यातल्याच एका ताईंचे अनोळखी लिंक दाबल्यानं चार हजार रुपये गेले. तो गळ होता.

मग ओळखायचं कसं? अवधूतांनी मधमाशीपासून दोन धडे घेतले. पहिला, लहानमोठ्या प्रत्येक फुलातून थोडा थोडा सार घ्यावा. दुसरा, साठवून ठेवू नये, साठवलेलं पोळं दुसराच काढून नेतो. आम्हाला यातून एवढं समजलं: जे नवीन शिकताना आपण थोडे नम्र झालो, आणि शिकलेलं दुसऱ्याला देता आलं, ती वाढ. ज्यानं नुसतं मन भरमटलं आणि हाती काही उरलं नाही, ती झेप दिव्यावरची.

ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावी ८ मार्च २०१६ ला आजीबाईंची शाळा सुरू झाली. गुलाबी नऊवारी नेसून, दप्तर घेऊन साठी-सत्तरीच्या पुढच्या आज्या पाटीवर अक्षरं गिरवतात. त्यांचे फोटो आम्ही सगळ्यांनी 'वा वा' म्हणून पुढं पाठवले असतील. आम्हीही पाठवले. पण मावशी शेजारी बसलेल्या असताना त्यांच्या हातात पाटी दिली नाही.

मावशींची पोथी त्यांच्या सुनेनं सत्संगाला दिली आहे. आता दर गुरुवारी अर्धा तास लवकर जमून दोघी जणी त्याच पोथीवर अक्षरं लावतात. मागच्या गुरुवारी त्यांतल्या एकीनं एक ओळ बोट ठेवून, थांबत थांबत, एकटीनं वाचली. पान बरोबर होतं. आमच्या डोळ्यांत पाणी आलं. ते आनंदाचंही होतं आणि चुकीचंही.

आम्हाला मावशींना "हो" म्हणता आलं नाही. तुमच्या घरात आई, सासू, कामाला येणारी बाई कुणीही विचारलं, "मला हे शिकवता का?" तर वय विचारू नका. शेजारी बसवून घ्या. आणि घरातलं लेकरू आपल्याला "चुकलं" म्हणालं, तर रागवू नका, वही पुढं करा.

आपल्या,
महिला सत्संगातील सेवेकरी भगिनी, मुडबी