चकाकीचे मोल

महागडे प्रसाधन घेणारा ग्राहक त्याची पर्यावरणनिष्ठा कशावरून ठरवतो? बहुधा जे डोळ्यांना दिसते त्यावरून: काचेची कुपी, डबीवरचे हिरवे पान. १९९२ साली थिएरी म्युग्लर यांचे ‘एंजल’ अत्तर पुन्हा भरता येणाऱ्या कुपीत आले. ही काटकसर स्तुत्यच. परंतु कुपी म्हणजे वस्तूचे बाह्यांग. ओठांच्या व पापण्यांच्या रंगातील चकाकी पुष्कळदा अभ्रकाची असते. आणि झारखंड-बिहारमधील बेकायदा खाणींत ते वेचताना मुले दगावत असल्याचे २०१६ साली उघडकीस आले. डबीवरचे पान याविषयी मौन पाळते.

मग अभ्रकच वर्ज्य करावे काय? काही उत्पादकांनी कृत्रिम अभ्रक स्वीकारले. ग्राहक निश्चिंत झाला. परंतु वेचणाऱ्या कुटुंबाची चूल कशी पेटावी? २०१७ साली पॅरिसमध्ये स्थापन झालेल्या ‘रिस्पॉन्सिबल मायका इनिशिएटिव्ह’ने अभ्रकाकडे पाठ न फिरवता बालमजुरी संपवण्याचे उद्दिष्ट ठेवले. हा मार्ग अधिक अवघड, म्हणूनच अधिक नैतिक वाटतो. हात झटकल्याने ते निर्मळ होतात, पण त्यामुळे कोणाचे मूल शाळेत जात नाही.

जादा पैसे मोजून आपण स्वतःची मनःशांती विकत घेतो की दुसऱ्याला न्याय देतो, हे वाचकहो, आरशासमोर उभे असतानाच स्वतःला विचारलेले बरे.