माती वाचवायची, पण कोणाच्या सहीने?

सुपीक जमीन कारखान्याच्या घशात जाऊ देऊ नका, असं आज सगळेच म्हणतात. पुढारी म्हणतो, प्राध्यापक म्हणतो, शहरात राहून गावच्या हुरड्याची आठवण काढणारा कवीसुद्धा म्हणतो. घोषणा चांगली आहे. पण ती ऐकली की आपल्या पोरांच्या मनात एक सवाल उठतो. तो त्यांनी मला कितीदा तरी विचारला आहे. ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नाही, त्याने शेती वाचवायला का म्हणून जावं?

मित्रांनो, हा सवाल टाळून चालणार नाही. तो पोटाचा आहे, तसाच नीतीचाही आहे.

वस्तीत त्याची दोन उत्तरं मिळतात. पहिलं असं : जाऊ द्या की, आपलं काय जातंय? ज्या बांधावर बापाने शिव्या खाल्ल्या तो बांध बुलडोझरखाली गेला तर रडायचं कशाला? दुसरं असं : असं कसं, आपण सगळे कष्टकरी, गावावर संकट आलं तर गाव एक. मला दोन्ही उत्तरं अपुरी वाटतात. का, ते सांगतो.

पहिल्या उत्तरामागे राग आहे, आणि तो राग खरा आहे. १९४८ चा कूळकायदा घ्या. 'कसेल त्याची जमीन' ही त्याची घोषणा. १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन. त्या दिवसापासून कुळं मालक झाली असं कायद्याने मानलं. आपल्यातलीही काही कुळं सुटली, नाही असं नाही. पण कसणारा म्हणजे कोण? 'जातीने कसणे' याची व्याख्या कायद्यात लिहिली आहे : स्वतःच्या श्रमाने, कुटुंबातल्या माणसाच्या श्रमाने, किंवा स्वतःच्या देखरेखीखाली मजुरांकडून. म्हणजे नांगर आपल्या बापाने धरायचा, खुरपं आपल्या आईने धरायचं, आणि बांधावर छत्री घेऊन उभा राहील तो कसणारा! घाम आपला आणि कर्तेपण त्याचं. कायद्याच्या भाषेतही जात अशी राहते.

बाबासाहेबांनी शेतीचे गोडवे कधी गायले नाहीत. १९१८ साली लहान शेतजमिनींवर लिहिलेल्या निबंधात त्यांनी रोग दाखवला तो असा, की जमिनीवर माणसांचा भार फार आणि भांडवल थोडं. नुसते तुकडे जोडून भागणार नाही. उद्योगधंदे वाढले तरच हा भार हलका होईल. आणि ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत त्यांनी खेड्याच्या कौतुकाचे वाभाडे काढले. मग त्यांचं नाव घेणाऱ्यांनी धुराड्याला विरोध कसा करायचा?

थांबा. धुराड्याचाही हिशेब मांडू.

मुंबईच्या गिरण्यांनी आपल्या आजोबांना गावकीतून सोडवलं हे खरं. पण त्याच गिरण्यांत विणकाम खात्याचं दार त्यांना बंद होतं. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून विटाळ होई. आणि पगार त्याच खात्यात जास्त! १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. कारखाना जात मोडतो हे अर्धंच खरं. आज औद्योगिक वसाहतीत कायम कामगार थोडे आणि ठेकेदाराचे फार. खाजगी कारखान्यात राखीव जागा नाही. रसायनाची टाकी साफ करायला आत कोण उतरतं, ते एकदा चौकशी करून बघा.

आणि पाणी? २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. सनातन्यांनी नंतर पंचगव्याच्या १०८ घागरी ओतून ते तळं 'शुद्ध' केलं. त्याच महाडजवळ, बिरवाडीच्या बाजूला, पुढे रासायनिक कारखान्यांची वसाहत उभी राहिली. सावित्री नदी आणि खाडी नासली अशा तक्रारी तिथले मच्छीमार आणि गावकरी वर्षानुवर्षं करत आले. माणसाच्या ओंजळीने पाणी बाटतं म्हणणारे धर्ममार्तंड तेव्हा कुठे होते? खरा विटाळ झाला तेव्हा एकही घागर निघाली नाही. पाण्याला हात लावायचा हक्क आपण लढून मिळवला. हात लावण्याजोगं पाणी उरेल का, हा आता त्याच लढ्याचा पुढचा प्रश्न आहे.

कारखान्याचं पाणी ओढ्यात सुटलं की उताराने जातं. उताराला बहुतेक गावांत कोणाची वस्ती असते, हे तुम्हाला सांगायला नको. शेत नासलं की खातेदाराचा पंचनामा होतो. तलाठी पीक लिहितो, क्षेत्र लिहितो. बुडालेली खुरपणी, बुडालेली काढणी, शेळीचं चरण, सरपण, बांधावरची भाजी, यांचा रकाना त्या कागदावर नाही. बाईचा रोज सगळ्यात आधी बुडतो, आणि तो कुठेच लिहिला जात नाही. तेव्हा 'आपलं काय जातंय' याचं उत्तर असं : जे कोणत्याच वहीत नाही, ते आपलं जातं.

इथे एक फरक नीट ध्यानात घ्या. माती वेगळी आणि मालकी वेगळी. मालकी एका फेरफाराने बदलते. इंचभर माती तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात, आणि ती सिमेंटखाली गेली की परत येत नाही. आपला राग मालकीवर आहे. तो मातीवर काढणं म्हणजे दरोडेखोरावरचा राग चोरीच्या धान्यावर काढून ते जाळण्यासारखं आहे. उपाशी आपणच राहणार.

मी तर पुढे जाऊन म्हणतो, जमीन वाचण्याची गरज मालकापेक्षा भूमिहीनाला जास्त आहे. मालकाला ती विकून पैसे तरी मिळतात. भूमिहीनाजवळ जमिनीवरचा दावा तेवढा आहे, आणि जमिनीचे प्लॉट पडले की दावाच मरतो. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ साली आणि पुन्हा १९६४-६५ साली भूमिहीनांनी सत्याग्रह केला, तुरुंग भरले. पडीक, सरकारी जमीन आम्हाला कसायला द्या, ही मागणी होती. जमीनच उरली नाही तर ही मागणी कोणाकडे करायची? गायरानाचंही तेच. १४ एप्रिल १९९० पर्यंतची अनुसूचित जाती-जमातींची गायरानावरची अतिक्रमणं नियमित करण्याचा शासन निर्णय २८ नोव्हेंबर १९९१ ला निघाला. तरी कित्येकांची नावं सातबाऱ्यावर चढलेली नाहीत. प्रकल्पाला जागा हवी झाली की साहेबाचं बोट नकाशात आधी तिकडेच जातं, कारण कागदावर ती 'सरकारी', म्हणजे मोकळी. चाळीस वर्षं तिथे ज्वारी पिकते. कागद म्हणतो, मोकळी!

उद्योग हवेत म्हणणाऱ्या त्याच बाबासाहेबांनी १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' मध्ये शेती हा राज्याचा उद्योग करा असं मांडलं. जात न पाहता जमीन गावकऱ्यांना सामुदायिकरीत्या कसायला द्या, म्हणजे जमीनदार, कूळ आणि भूमिहीन मजूर हे भेदच उरणार नाहीत. शेत आणि कारखाना हे त्यांच्या लेखी एकमेकांचे वैरी नव्हते. दोन्हीकडे त्यांचा प्रश्न एकच होता : मालक कोण, आणि राबणाऱ्याला हक्क काय?

आता दुसरं उत्तर. गाव एक.

मी एका गावच्या बैठकीला होतो. भिंतीवर नकाशा लावला होता. हिरवा रंग शेतीचा, जांभळा उद्योगाचा. पुढारी तळमळून बोलले. गाव एक आहे, जात-पात विसरा, म्हणाले. मागे बसलेली आपली एक म्हातारी उठली आणि म्हणाली, "दादा, गाव एक हाय म्हंतासा, तर मग मसनवटं दोन कशापायी?" बैठक गप्प झाली. उत्तर कोणी दिलं नाही. विषय पुढे गेला.

गाव एक आहे की नाही ते घोषणेत बघू नका, मतात बघा. २१ सप्टेंबर २००८ ला रायगड जिल्ह्यात हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांत विशेष आर्थिक क्षेत्रावर जमीनधारक शेतकऱ्यांचा कौल घेतला गेला. तो लढा मोठा होता, त्याला माझा सलाम. पण कौल जमीनधारकांचा. त्याच शेतात भात लावणाऱ्या मजुराचा कौल कुठे?

२०१३ चा भूसंपादन कायदा त्याहून बोलका आहे. ज्याची जमीन नाही, पण तीन वर्षं ज्याचं पोट त्या जमिनीवर चाललं, त्या मजुराचं कुटुंब या कायद्यात 'बाधित कुटुंब' धरलं आहे. हे मोठं पाऊल. खाजगी कंपनीसाठी जमीन घ्यायची तर ८० टक्के संमती लागते, हेही ठीक. पण संमती कोणाची मोजायची? ज्यांची जमीन जाते त्यांची, आणि ज्यांना सरकारने जमीन दिली आहे त्यांची. मजूर बाधित आहे, पण त्याची संमती मोजायची नाही! एमआयडीसीचं संपादन तर १९६१ च्या वेगळ्या कायद्याने होतं. म्हणजे दुःखात आपण वाटेकरी आणि निर्णयात परके. जमीन विकायचा हक्क मालकाचा असेल. ती कायमची मारायचा हक्क त्याला कोणी दिला? आणि ती वाचवायचा मानही एकट्या त्याचाच का?

नियोजन स्थानिक लोकांनी करावं असं म्हणतात. स्थानिक कोण, हे ठरवणाऱ्या दोन याद्या गावात आहेत. एक सातबारा, दुसरी मतदार यादी. पहिलीत पाटलाचं नाव आहे, आपलं नाही. दुसरीत दोघांची आहेत, एकाखाली एक, सारख्याच अक्षरात. ग्रामसभा या दुसऱ्या यादीवर भरते. म्हणून माझं म्हणणं असं, की जमिनीचा निकाल मतदार यादीवर लागला पाहिजे.

पण ग्रामसभा म्हणजे काही स्वर्ग नव्हे. ज्याच्या रानात उद्या कामाला जायचं, त्याच्यासमोर आज हात कसा वर करायचा? बाबासाहेबांनी खेड्यातल्या 'स्थानिक'पणाची भीती घातली ती याचसाठी. तेव्हा नुसतं 'निर्णय गावाला द्या' म्हणू नका. मत गुप्त घ्या म्हणा. मजुरांचा आणि बायांचा ठराव वेगळा नोंदवा म्हणा. गायरान कसणाऱ्यांची नावं नकाशावर आणा. वस्तीच्या विहिरीचं पाणी आधी तपासा, आणि अहवाल मराठीत चावडीवर लावा.

काही जण म्हणतील, अशा अटी घालून तुम्ही एकी फोडता, कंपनीचं फावतं. माझा त्यांना उलट सवाल आहे : मजुराची संमती मोजली तर विरोध वाढेल की घटेल? वाढेल. मग ती मोजायला नको कोणाला आहे? बिनअटीची एकी आपल्याला नवी नाही. गावकीने ती पिढ्यान् पिढ्या आपल्याकडून घेतली, तिचं नाव वेठ होतं. सोबत जरूर जायचं, पण आपलं निवेदन आपल्या हातात घेऊन.

त्या निवेदनाची तयारी आजच करा. २०१३ च्या कायद्याची प्रत मिळवा. कलम २ आणि कलम ३ वस्तीत मोठ्याने वाचून दाखवा, बाया जमतील अशा वेळेला. कोणाची संमती मोजतात आणि कोणाची नाही, ते त्यांना स्वतः ऐकू द्या. पुढचा ठराव त्या सांगतील तसा लिहा.

जय भीम.