दुःखाचे यमक

‘दुःख’ या शब्दाला यमक शोधू लागले की लेखणी सहजच ‘सुख’ या शब्दापाशी जाते. काही वर्षांपूर्वी एका मातेने आपल्या दिवंगत मुलाच्या स्मृतिपत्रिकेसाठी माझ्याकडे चार ओळी मागितल्या. मीही तेच यमक जुळविले. वाचून ती म्हणाली, “फादर, ओळी छान आहेत, पण ह्यात सुख कुठलं हो?”

मी निरुत्तर झालो. त्या सुखाची ग्वाही माझ्या श्रद्धेने नव्हे, यमकाने दिली होती. मग ‘दुःख’पुढे मी ‘हाक’ हा शब्द ठेवला. स्वर जुळत नाही. ‘ख’ आणि ‘क’ एकाच वर्गातले, एवढेच नाते. कान किंचित अडखळतो. पण त्या घरात हाकच उरली होती.

नादासाठी सत्याला मुरड घालावी काय? १६१६ साली प्रसिद्ध झालेले फादर स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ ओवीबद्ध आहे. ओवीचे पहिले तीन चरण यमकाने बांधलेले असतात. चौथा सामान्यतः आखूड व मोकळा. जे जुळत नाही त्यालाही आपल्या परंपरेने जागा दिली आहे. शोकाकुल घरी सांत्वनाला जाताना आपणही ती जागा मोकळी ठेवावी.