विश्वासाला किती गुण?

गेल्या उन्हाळ्यात बहिणीचा मुलगा पंधरा दिवस आमच्याकडे राहायला आला होता. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. रात्रीचे जेवण झाले की लॅपटॉप उघडून बसायचा. शेजारी एक वही. मला वाटले, पोरगा अभ्यास करतोय. एकदा सहज वहीत डोकावलो, तर त्यात एकाखाली एक वाक्ये लिहिलेली: अमक्याने हे विचारले तर दुसरे उत्तर द्यावे, तमक्या ठिकाणी गप्प राहावे, इथे चेष्टा केली तर पाच गुण वाढतात. तीस वर्षे मास्तरकी केलेला माणूस मी. ‘अपेक्षित प्रश्नसंच’ ओळखायला मला वेळ लागला नाही.

“कसली परीक्षा आहे रे?”

“परीक्षा नाही मामू, गेम आहे. यातला एक सोबती मनातलं कुणाला सांगत नाही. त्याचा विश्वास मिळवायचाय. मग त्याची प्रेमकथा सुरू होते.”

मी हसलो. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर ती वही डोळ्यांसमोरून हलेना. विश्वास मिळवण्यासाठी गाइड? मग पुढचे दहा-बारा दिवस मीही त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसू लागलो. तो खेळे आणि मी प्रश्न विचारी. त्या बैठकांतून जे उमगले ते इथे मांडतो आहे.

हे खेळ रोल-प्लेइंग गेम म्हणून ओळखले जातात. खेळणारा एका पात्राची भूमिका घेतो, प्रवासाला निघतो, वाटेत त्याला सोबती भेटतात. लढाया असतात, खजिने असतात. पण चाहत्यांच्या लक्षात राहतात ते बहुधा सोबतीच. कॅनडातील एडमंटन शहरात १९९५ साली सुरू झालेल्या बायोवेअर या कंपनीने ही रीत विशेष रुजवली. तिच्या २००० सालच्या ‘बाल्डर्स गेट २’मध्ये सोबत्यांशी मुक्कामामुक्कामाला थोडे थोडे बोलत गेले, तर त्यातून प्रेमकथा उलगडत असे. २००९ सालच्या ‘ड्रॅगन एज : ओरिजिन्स’मध्ये तर प्रत्येक सोबत्याच्या नावापुढे पसंतीचा आकडाच असे. उणे शंभरपासून अधिक शंभरपर्यंत. मनाजोगते बोललात, आकडा वर. मनाविरुद्ध वागलात, आकडा खाली. भेटवस्तू दिली तरी वर.

आता या सोबत्यांत सर्वांत लोकप्रिय कोण? मनमोकळे, हसतमुख? तेही आहेत. पण खेळणाऱ्यांना जास्त ओढ लागते ती आतल्या गाठीच्या माणसांची. जो टोचून बोलतो, विषय टाळतो, जवळ येऊ देत नाही, त्याच्याच मनात काय आहे ते जाणण्यासाठी माणूस रात्र-रात्र जागतो. यात नवल नाही. बंद दारापाशीच पाय रेंगाळतात. प्रश्न इतकाच, की दार बंद आहे म्हणजे ते उघडण्याचा हक्क आपल्याला मिळतो का?

‘ओरिजिन्स’मधली मॉरिगन पाहा. जंगलात आईजवळ वाढलेली जादूगारीण. प्रेम म्हणजे दुबळेपणा, असे तिला आईने शिकवलेले. लहानपणी ती एकदा जंगलाबाहेर गेली, एका श्रीमंत बाईचा सोनेरी आरसा तिने चोरून आणला, आणि आईने तो फोडून टाकला. पुढे खेळणाऱ्याला तसाच आरसा एका दुकानात मिळू शकतो. तो दिला की मॉरिगन गोंधळून जाते. बदल्यात काही न मागता कुणी काही देते, हे तिला ठाऊकच नसते.

प्रसंग सुंदर आहे. पण खेळणाऱ्याला मात्र आरशासोबत वाढणारा आकडा दिसत असतो. मग बदल्यात काहीच नको, हे खरे कसे म्हणावे? मॉरिगनला निरपेक्ष वाटलेली भेट देणाऱ्याच्या हिशेबात आधीच मांडलेली असते. गंमत अशी, की मॉरिगनही पुरती निर्मळ नाही. आईने तिला एका खास हेतूने सोबत धाडलेले असते आणि तो हेतू ती शेवटच्या लढाईच्या आदल्या रात्रीपर्यंत उघड करीत नाही. लढाईनंतर ती निघून जाते. आकडा शंभरावर नेऊन ठेवला तरी जाते. म्हणजे ज्यांनी तो आकडा बांधला, त्यांनीच त्याची मर्यादाही सांगून ठेवली.

याच कंपनीच्या २००३ सालच्या ‘नाइट्स ऑफ द ओल्ड रिपब्लिक’ या स्टार वॉर्सच्या जगातील खेळात कार्थ ओनासी नावाचा सैनिक आहे. ज्या वरिष्ठाला त्याने गुरू मानले, तोच शत्रूला मिळाला. त्याच हल्ल्यात कार्थचे गाव-घर गेले, बायको गेली. तेव्हापासून तो कुणावर विश्वास ठेवत नाही, आणि हे खेळणाऱ्याला तोंडावर सांगतो. भाचा म्हणाला, “मामू, फार पिरपिर करतो हा. पण पुढे कळतं, की खेळणाऱ्याचं पात्रच पूर्वीचा शत्रूंचा सरदार असतं. त्याची आठवण पुसून टाकलेली असते, म्हणून त्याला स्वतःलाही माहीत नसतं.”

मी म्हटले, “म्हणजे तो पिरपिर करत नव्हता. त्याचं बरोबर होतं.”

आपण एरवी काय समजतो? जो मन मोकळे करीत नाही त्याच्यात काहीतरी बिघाड आहे, आणि प्रेमाने, गोड बोलून तो दुरुस्त करणे हे आपले चांगुलपणाचे काम आहे. कार्थची गोष्ट सांगते, की संकोच हा दर वेळी आजार नसतो. पोळलेल्या माणसाने कमावलेले ते शहाणपण असते. ‘माझ्यावर विश्वास ठेव’ म्हणणाऱ्याला तरी स्वतःची पुरती ओळख कुठे असते?

इथे मला माझ्याच घरातली एक गोष्ट सांगितली पाहिजे. आजवर मी ती कुठे लिहिलेली नाही.

माझी एक फुफी होती, अब्बांची धाकटी बहीण. शादीनंतर दोन वर्षांत ती माहेरी परत आली, ती कायमची. का आली, ते घरात कुणी विचारले नाही आणि तिने सांगितले नाही. शिलाईच्या मशीनवर बसून ती लोकांचे कपडे शिवायची. मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो, मास्तरकीचे शिक्षण नुकतेच संपले होते. संध्याकाळी मी तिला पेपर वाचून दाखवू लागलो. बाजारातून तिच्या आवडीची सुपारी आणायचो. सुईत दोरा ओवून द्यायचो. माया होती, हे खोटे नाही. पण मायेच्या पोटात कुतूहलही होते, हेही खोटे नाही. घरात जे कुणाला जमले नाही ते मला जमावे, अशी एक सुप्त ईर्षा होती. माझ्याकडे वही नव्हती इतकेच.

दोन वर्षांनी एका संध्याकाळी, मशीन थांबवून, तिने मला सर्व सांगितले. मी ऐकून घेतले. डोळे भरून आले. आणि तीन महिन्यांत मी ते चारचौघांत बोललो.

वाईट हेतूने नव्हे. घरातल्या एका निकाहच्या वेळी कुणी पाहुणी फुफीला लागेल असे बोलली. मला राहवले नाही. फुफीची बाजू घेण्यासाठी मी तिची हकीकत त्या बायकांसमोर सांगून टाकली. पाहुणी गप्प झाली. मी जिंकलो. पडद्याआड फुफी उभी होती.

ती रागावली नाही. दुसऱ्या दिवशी मी पेपर घेऊन गेलो तेव्हा म्हणाली, “ठेव तिथं. उद्यापासून वाचून दाखवू नकोस, बेटा. तुला नोकरीची धावपळ असते.” त्यानंतर ती एकोणीस वर्षे जगली. माझ्याशी बोलायची, भाजीबद्दल, पावसाबद्दल, माझ्या मुलांच्या कपड्यांच्या मापांबद्दल. पण मशीन थांबवून ती पुन्हा कधी बोलली नाही.

भाच्याच्या खेळात चूक झाली तर आधी साठवून ठेवलेल्या जागी परत जाता येते. चुकीचे उत्तर पुसून बरोबर उत्तर देता येते आणि सोबत्याला काही आठवत नाही. मला वाटते, या खेळांतील प्रेम आणि आपले प्रेम यांतला खरा फरक इथे आहे. सांगणारा आणि ऐकणारा, दोघांनाही काही गमावण्याची भीती असेल तरच त्याला विश्वास म्हणायचे. एकाने जोखीम घ्यायची आणि दुसऱ्याने उत्तरे पडताळून पाहायची, याला परीक्षा म्हणतात.

पण या खेळांना एवढ्यावर निकालात काढणे न्यायाचे नाही. लिहिणाऱ्यांनाही हा प्रश्न टोचत असावा. २०१४ सालच्या ‘ड्रॅगन एज : इन्क्विझिशन’मध्ये पसंतीचा आकडा खेळणाऱ्यापासून लपवला गेला, सोबती खूश झाला की नाराज, एवढेच कळे. २०१० सालच्या ‘मास इफेक्ट २’मध्ये जॅक नावाची तरुणी आहे. बालपणी तिच्यावर प्रयोग झाले, छळ झाला. सुरुवातीलाच, मनाचे काही न बोलता, ती शरीराची जवळीक देऊ करते. खेळणाऱ्याने ती घेतली, तर जॅक पुढे मन उघडतच नाही. थांबला, तरच वाट पुढे जाते. सहज मिळते ते घेणे हीच तिथे चूक ठरते.

आणि भाचा खेळत होता तो खेळ म्हणजे ‘बाल्डर्स गेट ३’. बेल्जियममधल्या गेंट शहरातील लॅरियन कंपनीने तो ऑगस्ट २०२३मध्ये बाजारात आणला. त्यात अ‍ॅस्टेरियन नावाचा सोबती आहे, रक्तपिपासू जातीचा. दोनशे वर्षे तो एका जुलमी मालकाचा गुलाम होता. आपल्या रूपाने माणसे भुलवून मालकाकडे नेणे, हेच त्याचे काम. ‘नाही’ म्हणण्याची मुभाच नव्हती. खेळणाऱ्यावर तो सुरुवातीला प्रेम दाखवतो तेही संरक्षण मिळावे म्हणून, जुन्या सवयीने. म्हणजे इथे उलटेच. खेळणारा गाइड पाहून त्याला जिंकू पाहतो आणि तो आपल्या मनातल्या गाइडप्रमाणे खेळणाऱ्याला जिंकू पाहतो!

मग एका गढीत एक बाई भेटते. अ‍ॅस्टेरियनने आपला चावा घ्यावा, अशी तिची इच्छा असते. बदल्यात खेळणाऱ्याला ती अशी दवा देऊ करते, की जिने अंगातले बळ कायमचे वाढेल. अ‍ॅस्टेरियनला ते किळसवाणे वाटते, तो नकार देतो. आता खेळणाऱ्याने त्याला आग्रह करायचा का? केला, तर तो ऐकतो. दवा मिळते. मात्र नंतर तो बोलून दाखवतो, की तूही मला वापरलेस. आग्रह केला नाही, तर दवा हातची जाते. पण तो आभार मानतो, आणि मग कुणी न विचारता, आपले प्रेम आरंभी डाव होता याची स्वतःहून कबुली देतो.

त्या रात्री भाच्याने आग्रह केला होता. “बळ वाढतं ना मामू, पुढच्या लढाईला लागेल.” अ‍ॅस्टेरियनचे पुढचे बोलणे ऐकून तो थोडा वेळ गप्प बसला. मग त्याने खेळ मागे नेला आणि दुसरे उत्तर दिले.

“तो काही खरा माणूस नाही,” मी मुद्दाम म्हटले. “त्याला कुठं दुखतंय?”

“त्याला नाही दुखत. पण मी केलं होतं ना.”

या वाक्यापुढे माझी तीस वर्षांची मास्तरकी थिटी पडली. मी त्या वहीवर नाराज होतो. पण वही बाजूला ठेवून पोराला जे कळले, ते मला बावीसाव्या वर्षी वही नसताना कळले नव्हते. कुणाचे मन उघडणे ही आपली कमाई नव्हे. ते त्याने आपल्याकडे ठेवायला दिलेले असते. अमानत हा शब्द आपल्या घरांत दागिन्यांसाठी, पैशांसाठी सर्रास वापरला जातो. शेजारणीने ठेवायला दिलेल्या बांगड्या आपण स्वतःच्या मुलीच्या लग्नातही वापरणार नाही. मात्र कुणी विश्वासाने सांगितलेली गोष्ट, तिच्याच भल्यासाठी म्हणून का होईना, आपण खुशाल खर्च करतो. खेळात विश्वास मिळाला की प्रेमकथा सुरू होते आणि बहुधा तिथेच तिचा शेवट जवळ येतो. आपल्याकडे खरी कसोटी त्यानंतर लागते, आणि ती आयुष्यभर चालते.

भाचा परत जायच्या आदल्या रात्री मी त्याला फुफीची हकीकत सांगितली, वर लिहिली आहे तेवढीच. त्याने सर्व ऐकून घेतले आणि विचारले, “पण अम्मीच्या फुफींनी तुम्हाला सांगितलं काय होतं?”

मी त्याच्याकडे पाहिले. तो ओशाळला. “राहू दे मामू,” म्हणाला आणि लॅपटॉप मिटवून पाणी प्यायला उठला.