सोवळं आणि श्वास

मुंबई-गोवा महामार्ग माणगावच्या भर बाजारपेठेतून जातो. गणपतीच्या आधीचे चार दिवस इथे गाड्या मुंगीच्या पावलाने सरकतात आणि चाकरमानी खिडकीतून डोकं काढून पुढे नेमकं काय अडलंय ते बघत बसतो. २०२० साली कोरोनाच्या साथीत मात्र खरी अडचण घरच्या उंबरठ्यावर होती. १२ ऑगस्टच्या आत पोहोचणाऱ्याने १० दिवस घरात वेगळं राहायचं, त्यानंतर येणाऱ्याने ४८ तास आधी चाचणी करून घ्यायची, असं सरकारने जाहीर केलं. आधी हे दिवस १४ होते. चतुर्थी २२ ऑगस्टला. १२ आणि १० यांची बेरीज करून पाहिली की पंचांग कुठे डोकावलं ते कळतं.

दहा दिवस म्हटल्यावर कोकणी माणसाला सुतक आठवणारच. मोबाइलवरून तेव्हा एक युक्तिवाद जोरात फिरत होता: सुतक, सोवळं, बाहेरून आल्यावर पाय धुणं हे सगळं म्हणजे विलगीकरणच, पूर्वजांना साथीचं शास्त्र ठाऊक होतं. ऐकायला हे गोड वाटतं, आणि पाय धुणं चांगलंच. पण मनुस्मृतीचा पाचवा अध्याय उघडला की हिशोब बिघडतो. तिथे ब्राह्मण दहा दिवसांत शुद्ध होतो, क्षत्रिय बारा, वैश्य पंधरा आणि शूद्राला लागतो महिना. कोणत्याही विषाणूने आजवर असा वर्ण विचारून मुक्काम केलेला नाही. साथ रोखायला व्हेनिसने जहाजं ४० दिवस बंदराबाहेर थांबवली, त्या आकड्यालाही धार्मिक वास होताच. पण नियम जहाजाला होता, खलाशाच्या कुळाला नव्हता.

फरक इथे आहे. विलगीकरणाला मुदत असते, जातीच्या विटाळाला नसते. हे समजायला माणगावकरांना लांब जावं लागत नाही. त्याच रस्त्याने दक्षिणेला पाऊण तासावर महाड आहे. तिथल्या चवदार तळ्याचं पाणी २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे सहकारी प्याले. त्याआधी त्या तळ्यावर जनावरं पाणी पीत होती, त्याला कोणाची हरकत नव्हती. माणसं प्याली तेव्हा मात्र तळं ‘शुद्ध’ करण्यासाठी मंत्र म्हणत शेण-गोमूत्रासह पंचगव्याच्या १०८ घागरी त्यात ओतल्या गेल्या. पिण्याच्या पाण्यात शेण! पूर्वजांच्या आरोग्यशास्त्राचे दाखले देणाऱ्यांनी हा दाखलाही जमेस धरायला हवा. तळं सर्वांना खुलं असल्याचा मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल यायला १९३७ उजाडलं.

परंपरेत दुसरी वाटही आहे. मालवण तालुक्यातल्या आचऱ्यात देव रामेश्वराचा कौल मिळाला की गावपळण होते. तीन दिवस, तीन रात्री सगळं गाव वेशीबाहेर राहुट्यांत राहतं. गुरंढोरं, कोंबड्या, सगळी बरोबर. त्यामागचं कारण काहीही असो, तिथे एकट्यादुकट्याला बाहेर काढत नाहीत. जायचं तर सगळ्यांनी.

सोवळ्याची खरी पंचाईत निराळीच आहे. त्याचं सगळं लक्ष शिवाशिवीवर, आणि कोरोना पसरला मुख्यतः श्वासातून. १० मार्च २०२० ला अमेरिकेत वॉशिंग्टन राज्याच्या स्कॅजिट खोऱ्यात एका गायनवृंदाची अडीच तास तालीम झाली. दाराशी हात साफ करायचं औषध ठेवलेलं, गळाभेटी टाळलेल्या. ६१ जण जमले होते. ५३ आजारी पडले, दोघे दगावले. कोकणातली आरती डोळ्यांसमोर आणावी. बंद माजघर, पन्नास गळे, टाळ-मृदंग, कापराचा धूर, आणि मग तीच मंडळी शेजारच्या घरी. पूजा सांगणारा सोवळ्यात असला, प्रसादाला कोणी हात लावला नसला, तरी हवा सगळ्यांची एकच.

मग धर्म काय सांगतो? त्या वर्षी आषाढीला संतांच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या आणि लालबागच्या राजाच्या मंडळाने मूर्ती न बसवता रक्तदान, प्लाझ्मादान शिबिर घेतलं. विठ्ठल काही रागावला नाही. देवाचं काम रीत बदलून होतं, हे ज्यांनी ठरवलं ती माणसं आयुष्यभर रीत पाळणारीच होती, आणि म्हणूनच त्यांच्या निर्णयाला वजन होतं.

पुढची साथ चतुर्थी बघून येणार नाही. तेव्हा घरातल्या म्हाताऱ्यांची औषधं महिनाभराची असावीत, चांगले मास्क आणि ऑक्सिमीटर कपाटात असावेत, आकडा ९४ किंवा त्याखाली आला की दवाखाना गाठायचा हे सगळ्यांना माहीत असावं. मुंबईहून आलेल्या मुलासाठी पडवी मोकळी करावी, ताट वेळेवर पोहोचवावं आणि लांबूनच का होईना, गप्पा माराव्यात. गणपती माजघरातून ओटीवर आणला तर आरतीला लोक अंगणात उभे राहू शकतात. श्रावण-भाद्रपदाच्या वाऱ्याने समई विझते, ही अडचण खरी. तिला काचेची चिमणी पुरते.