वाडवडिलांचे पाप आणि वारसांची जबाबदारी



श्रीमंत घराण्याचे काळे गुपित हा रहस्यकथांचा आवडता विषय. मोठा वाडा, भिंतीवर पूर्वजांच्या तसबिरी आणि कायम कुलूपबंद असलेली एक खोली! वाचक खुनी शोधण्यात रमतो. आम्हांला मात्र वाटते, की खरा प्रश्न खुनी सापडल्यावर सुरू होतो. ज्यांना सत्य कळले, त्यांनी आता काय करावे?

स्वीडिश लेखक स्टीग लार्सन यांची 'द गर्ल विथ द ड्रॅगन टॅटू' ही कादंबरी त्यांच्या मृत्यूनंतर, २००५ साली प्रसिद्ध झाली. तिच्यावर २००९ आणि २०११ साली चित्रपटही निघाले. (ज्यांना ती वाचायची आहे, त्यांनी पुढचे दोन परिच्छेद वगळावेत.) वांगर या उद्योगपती घराण्यातील हॅरिएट ही मुलगी १९६६ साली बेपत्ता होते. अनेक वर्षांनी एक पत्रकार तिचा शोध घेऊ लागतो. तिच्या वहीत काही नावे आणि आकडे सापडतात. सर्वांना ते टेलिफोन नंबर वाटलेले असतात. पत्रकाराच्या मुलीच्या लक्षात येते, की ते पवित्र बायबलमधील लेवीय पुस्तकातल्या वचनांचे क्रमांक आहेत. हॅरिएटच्या बापाने स्त्रियांचे खून केले होते आणि त्या क्रौर्याला त्याने देवाच्या वचनांचा मुखवटा चढवला होता. मुलालाही त्याने तोच धडा दिला. तो मुलगा आता कंपनीचा प्रमुख असतो.

शेवटी खुनी मरतो. हॅरिएट जिवंत सापडते. मग कुटुंबाचे वकील पत्रकाराला गप्प राहण्याची गळ घालतात. हॅरिएटने आधीच पुष्कळ सोसले आहे आणि कंपनीवर कित्येक संसार चालतात, असे त्यांचे म्हणणे. पत्रकार नाइलाजाने मान्य करतो. पण त्याची सहकारी लिस्बेथ अट घालते. मेलेल्या स्त्रियांची कुटुंबे शोधा, त्यांना भरपाई द्या आणि पीडित स्त्रियांसाठी काम करणाऱ्या संस्थेला दरवर्षी पैसे द्या. हा तोडगा न्याय्य आहे का?

येथे दोन चुका टाळायला हव्यात. पहिली, 'त्यांचे रक्तच वाईट' असे म्हणणे. बापाचे पाप मुलाच्या माथी मारू नये, असे यहेज्केल संदेष्ट्याने अठराव्या अध्यायात स्पष्ट बजावले आहे. जन्मांध माणसाला पाहून 'पाप कुणाचे?' असे विचारणाऱ्या शिष्यांनाही प्रभू येशूने आवरले. पाप स्वेच्छेने घडते. माझी इच्छाच ज्यात नव्हती, त्याचा दोष माझ्याकडे वारशाने येऊ शकत नाही.

दुसरी चूक याच्या अगदी उलट : 'आम्ही कुठे काय केले? आमचा काय संबंध?' दोष वारशाने येत नाही हे खरे. पण बंगला येतो, जमीन येते, नावलौकिक येतो. मिळकत घ्यायची आणि तिच्यावरचे ऋण तेवढे नाकारायचे, हे चालत नाही. ख्रिस्तसभेची शिकवणही हेच सांगते : परतफेडीचे बंधन केवळ चोरावर नाही, ज्याला जाणूनबुजून चोरीचा लाभ झाला त्याच्यावरही आहे.

ही केवळ कादंबरीतली गोष्ट नव्हे. जर्मनीतील रायमान हे अतिश्रीमंत उद्योजक घराणे. त्यांचे पूर्वज नाझींचे कट्टर समर्थक होते आणि त्यांच्या कारखान्यात वेठबिगारांचा छळ झाला, ही माहिती २०१९ साली वर्तमानपत्रातून जगापुढे आली. कुटुंबाने स्वतःच एका इतिहासकाराला शोध घ्यायला सांगितले होते. त्यांनी काहीही नाकारले नाही. एक कोटी युरो देण्याचे जाहीर केले. अधिक हृदयद्रावक गोष्ट पुढेच आहे. काही वारसांचे आईकडचे आजोबा, आल्फ्रेड लांडेकर, हे ज्यू होते. १९४२ साली नाझींनी त्यांना पकडून नेले आणि ते परत आले नाहीत. छळ करणारे आणि छळले गेलेले, दोघांचेही रक्त एकाच घरात! कुटुंबाने आपल्या प्रतिष्ठानाला लांडेकर यांचे नाव दिले.

आता लिस्बेथच्या अटीकडे वळू. ती योग्य आहे. पण अपुरी आहे. घरातली प्रत्येक गोष्ट चव्हाट्यावर मांडलीच पाहिजे असे नाही. निरपराध माणसाची अब्रू राखणे हेही कर्तव्यच आहे. मात्र ज्यांच्यावर अन्याय झाला, त्यांचा सत्यावर पहिला हक्क आहे. ज्या आईची मुलगी परतलीच नाही, तिला काय घडले हे कळायलाच हवे. कशाबद्दल हे न सांगता दिलेले पैसे भरपाई ठरत नाहीत. ती तोंड बंद ठेवण्याची किंमत ठरते. जक्कयाने चौपट परत करण्याचे वचन दिले, ते सर्वांदेखत, उभे राहून.

आपल्या घरांत खून दडलेले नसतील. पण एखाद्या विधवा आत्याची न वाचून दाखवता घेतलेली सही असेल, सातबाऱ्यावरून गळालेले बहिणीचे नाव असेल. करणारे कधीच देवाघरी गेले. त्यांच्यासाठी आपण मिस्सा अर्पण करतो, ते योग्यच आहे. पण त्या आत्याची मुले आजही जवळपासच राहत असतील. त्यांच्या दारी जाणे, हीसुद्धा मृतांसाठी केलेली प्रार्थनाच आहे.