आवाज मडक्याचा



गेल्या महिन्यात पुण्यात, पेठेतल्या एका जुन्या वाड्यात थाटलेल्या पॉटरी स्टुडिओत गेले होते. पुढे कॅफे, मागच्या पडवीत चाकं. कॉफीचा आणि ओल्या मातीचा वास एकत्र. फार छान वाटलं. दीड तासात माझा एक कप उभा राहिला. (म्हणजे तिथल्या ताईंनी तीनदा माझा हात धरून तो उभा केला.) मी अकोल्याची, अगस्तींच्या गावची. अगस्ती घटातून जन्मले आणि त्यांनीच समुद्र पिऊन टाकला, ही गोष्ट प्रवरेकाठच्या त्यांच्या देवळात लहानपणापासून ऐकलेली. तेव्हा अप्रूप समुद्राचं वाटायचं. घटाकडे लक्ष गेलं ते आता.

निघताना कप मागितला तर ताई म्हणाल्या, "वाळला तरी कच्चाच. पाणी ओतलंत की चिखल." त्यांनी वाळलेल्या मातीचा एक तुकडा पाण्यात टाकून दाखवला. बघता बघता कडा सुटल्या, तळाशी गाळ. भट्टीत साधारण 600 अंशांच्या पुढे मातीतलं बांधलेलं पाणीही निघून जातं, मग ती परत कालवता येत नाही. तोवर आकार कितीही सुबक असो.

आज वाचनात महिपतींच्या 'भक्तिविजया'तले गोरोबा आले. आपल्याच जिल्ह्यातल्या ताहाराबादच्या महिपतींचा हा 1762 चा ग्रंथ. गोष्ट तुम्हाला माहीत आहे. संतमंडळी जमलेली, मुक्ताईने थापटण्याकडे बोट दाखवून विचारलं, आणि गोरोबांनी एकेकाच्या डोक्यावर ते थापटून पाहिलं. बाकीचे गप्प बसले, नामदेव चिडले. निकाल लागला: हे मडकं कच्चं.

मी कायम नामदेवांच्या बाजूने. ज्यांच्या हातचा नैवेद्य विठ्ठलाने खाल्ला ते कच्चे? आणि कुणी अशी परीक्षा घ्यावीच का?

पण माझंही एक सांगायचं राहिलंय. बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, आईने चार दिवस बोलावलं. माझं एकवीस दिवसांचं पारायण चालू होतं. मी म्हटलं, संकल्प मोडेल. आई म्हणाली, "एवढं वाचतीस, त्यातलं काही उतरतं का गं तुझ्यात?" मी फोन ठेवला. नामदेव रागाने विठ्ठलाकडे गेले, मी इथे आले आणि 'साधनेतले अडथळे' असं लिहून मोकळी झाले. विठ्ठलाने निदान गोरोबांचीच बाजू घेतली. तुम्ही सगळ्यांनी माझी घेतलीत!

तेव्हा मनात एकच होतं: हिला काय अधिकार? आई काही गोरोबा नाही. तिने एक पारायण केलेलं नाही, वर तापट. पण थापटणारा कसाही असो, येणारा आवाज मडक्याचाच असतो ना? मी चिडले तो आवाज माझा होता. अर्थात प्रत्येक टोला म्हणजे पारख नव्हे. चारचौघांत पाणउतारा करणारा साहेब गोरोबा होत नाही. मडकं फुटलं तरी त्याचं काही जात नाही. आईचं जात होतं.

नामदेव पुढे विसोबांकडे गेले ते देवाने पाठवलं म्हणून. मला कुणी पाठवलं नाही. पारायण पूर्ण झालं, ऑपरेशन माझ्याशिवाय झालं, तेव्हा मावसबहीण येऊन राहिली होती.

रविवारी भाजलेला कप घेऊन अकोल्याला गेले. आईने बाजारात माठ बघतात तसं बोट वाकवून त्यावर टकटक केलं, कान लावला.

"वाजतोय बरा," म्हणाली आणि बाबांच्या डोळ्यात औषध घालायला उठली.

"दे, मी घालते."

"दोनच थेंब. आधी हात धू."

मी हात धुतले.